भांड्यावरचे नाव

भांड्यावर नाव घालण्याची आपल्याकडची चाल जुनी आहे. लग्नातला आहेर असो, मुंजीतला तांब्या असो की हळदीकुंकवाला लुटलेली वाटी असो, भांडे हातात देण्यापूर्वी दुकानदार ‘नाव काय घालायचे?’ असे विचारतोच. पूर्वी तांब्यापितळेच्या भांड्यांवर बारीक छिन्नीने ठोके देऊन टिंबाटिंबांची अक्षरे उमटवीत. स्टीलची भांडी आली तशी नाव घालण्याची यंत्रेही आली. भांडे कोणी दिले, कोणाला दिले, कोणत्या साली दिले, हे त्या अक्षरांवरून पन्नास वर्षांनंतरही कळते. कार्याला शेजारी गेलेले पातेले बिनचूक घरी परत येते तेही त्या नावामुळेच. परंतु एक गोष्ट आपल्या सहसा ध्यानात येत नाही. भांड्यावर देणाऱ्याचे नाव असते, घेणाऱ्याचे असते. ज्याने ते घडविले त्याचे मात्र नसते. आणि कुंभाराच्या माठावर तर कोणाचेच नाव नसते.

आज मी ज्या कुंभाराविषयी लिहिणार आहे, त्याने आपल्या हातच्या भांड्यांवर स्वतःचे नाव घातले. तो अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलिना राज्यात, एजफील्ड नावाच्या भागात, एकोणिसाव्या शतकात होऊन गेला. त्याचे नाव डेव्ह. नुसतेच डेव्ह, कारण तो गुलाम होता, आणि गुलामाला आडनाव लावण्याचा अधिकार नव्हता. जे भांडे तो घडवी ते मालकाचे, ज्या हातांनी घडवी तेही मालकाचे. अशा माणसाने ओल्या मातीत आपले नाव, तारीख आणि कधीकधी कवितेच्या दोन ओळी कोरल्या, आणि दीडशेहून अधिक वर्षांनंतर ती अक्षरे आजही स्वच्छ वाचता येतात. ही हकीकत आपल्या मंडळाच्या भगिनींना ठाऊक असावी असे मला वाटते.

प्रथम भांड्याविषयी थोडे सांगते. आपल्या प्रत्येकीच्या स्वयंपाकघरात लोणच्याची तपकिरी-पांढरी बरणी असते किंवा एके काळी होती. तिला आपण चिनी मातीची म्हणतो. इंग्रजीत त्या जातीच्या भांड्यांना स्टोनवेअर, म्हणजे दगडासारखी भांडी, असे नाव आहे. साधा माठ कमी आचेवर भाजतात. त्याच्या अंगाला सूक्ष्म छिद्रे राहतात, त्यांतून पाणी झिरपते आणि म्हणूनच माठातले पाणी गार होते. पण जे पाणी झिरपू देते ते तेल आणि मिठाचा खारही झिरपू देणार. म्हणून माठात लोणचे घालता येत नाही. विशिष्ट प्रकारची माती बाराशे अंशांच्या वर तापविली की तिचे कण वितळून एकमेकांत मिसळतात आणि भांडे दगडासारखे घट्ट होते. मग मीठ, तेल, आंबट, काहीही त्यात वर्षभर राहो, भांडे ढिम्म हलत नाही.

अठराव्या शतकात अमेरिकेत घरोघर जी मातीची भांडी असत, त्यांपैकी पुष्कळांवर शिशाची झिलई असे. ती दिसावयास सुरेख, परंतु आंबट पदार्थाने तिच्यातील शिसे सुटून अन्नात उतरते आणि शिसे हे विष आहे. एजफील्डच्या आसपास उत्तम माती होती, पाईनची जंगले होती, वाळू होती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तेथे अॅब्नर लँड्रम नावाच्या गृहस्थाने आणि त्याच्या आप्तांनी स्टोनवेअरचे कारखाने उभारले. लाकडाची राख किंवा चुना, वाळू आणि माती पाण्यात कालवून ते त्याची झिलई करीत. भट्टीत ही झिलई वितळून काचेसारखी होते. कोठे शेवाळी, कोठे मधासारखी, कोठे ओघळ उतरलेली. चुलीतल्या राखेने भांडे घासणे आपल्याला ठाऊक आहे. त्याच राखेची भांड्यावर काच होते हे मात्र नवलच. चीनमधील कुंभारांना ही विद्या दोन हजार वर्षांपासून अवगत होती. अमेरिकेत ती रूढ झाली ती एजफील्डमध्ये.

ह्या कारखान्यांना हस्तव्यवसाय म्हणावे तर त्यांचा आकार फार मोठा होता. लँड्रमच्या पॉटर्सव्हिल ह्या वसाहतीत २०११ साली उत्खनन झाले, तेव्हा भट्टीची लांबी १०५ फूट भरली. ती भट्टी पेटती ठेवण्यासाठी लाकूड तोडणे, माती खणणे, खेचराच्या घाण्यावर ती मळणे, चाक फिरविणे, भट्टी लावणे, माल गाड्यांत भरणे, ही सगळी कामे गुलामांकडून होत. कारखान्याचे नाव मालकाचे आणि श्रम त्यांचे.

डेव्हचा पहिला लेखी उल्लेख सापडतो तो १८१८ सालच्या एका गहाणखतात. घरदार किंवा दागिने गहाण टाकावेत तसा सुमारे सतरा वर्षांचा हा मुलगा त्या कागदात गहाण टाकलेला आहे. म्हणजे त्याचा जन्म १८०१ च्या सुमाराचा. हार्वी ड्रेक हा तेव्हा त्याचा मालक. पुढे तो लँड्रम, ड्रेक आणि माइल्स ह्या परस्परांशी नातेसंबंध असलेल्या घराण्यांत एका मालकाकडून दुसऱ्याकडे जात राहिला. आपल्याकडे वाटणीत भांडीकुंडी जातात, तशी तेथे माणसे जात.

तो लिहावयास कोठे शिकला? अॅब्नर लँड्रम कुंभारकामाबरोबर एक वृत्तपत्रही चालवीत असे. त्या छापखान्यात डेव्हने अक्षरे जुळविण्याचे काम केले असावे आणि तेथेच त्याला अक्षरओळख झाली असावी, असे अभ्यासकांना वाटते. कसेही असो, १२ जुलै १८३४ ह्या दिवसाच्या एका रांजणावर त्याची यमक जुळविलेली दोन ओळींची कविता आहे. विषय अगदी साधा, रांजणात किती माल मावेल एवढाच. परंतु त्याच वर्षीच्या डिसेंबरात दक्षिण कॅरोलिनाच्या विधिमंडळाने कायदा केला की, गुलामास लिहावयास किंवा वाचावयास कोणी शिकवू नये. गोऱ्या माणसाने शिकविले तर शंभर डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. स्वतंत्र काळ्या माणसाने शिकविले तर दंड आणि पन्नास फटक्यांपर्यंत शिक्षा. गुलामाने गुलामाला शिकविले तर पन्नास फटक्यांपर्यंत. लिहिणे शिकविण्यावर तर तेथे १७४० सालापासूनच बंदी होती. अक्षराचे एवढे भय सत्तेला का वाटावे, हे उघड आहे. ज्याला लिहिता येते तो परवान्याची चिठ्ठी लिहून पळून जाऊ शकतो. ज्याला वाचता येते त्याला आपल्यासारखे दुसरे कोठे काय करीत आहेत हे कळते.

अशा काळात डेव्ह लिहीत राहिला, आणि तेही चोरून नव्हे. भांडे चाकावरून उतरून थोडे सुकले की माती चामड्यासारखी होते. ती ना ओली ना कडक. ह्याच अवस्थेत टोकदार काडीने तो भांड्याच्या खांद्यावर अक्षरे कोरी. वेळ थोडा असे. माती वाळली की अक्षर उमटत नाही. आणि भट्टीतून निघाल्यावर तर खोडाखोड करण्याची सोय नाही. ह्या भांड्यांची छायाचित्रे आता सहज पाहावयास मिळतात. त्यांतील अक्षर मोठे, वळणदार, एका दमात लिहिलेले दिसते. एकीकडे मालक लुईस माइल्स ह्याची दोन आद्याक्षरे, एकीकडे तारीख, आणि त्याच भांड्यावर, तेवढ्याच ठळक अक्षरांत, ‘डेव्ह’. मालकाच्या नावाशेजारी घडविणाऱ्याचे नाव. अशी त्याची सही असलेली शंभराहून अधिक भांडी आजवर मिळाली आहेत, आणि तिसांहून अधिक भांड्यांवर कवितेच्या ओळी आहेत.

तो काय काय घडवी? एका कानाचे, अरुंद तोंडाचे जग. त्यांत काकवी, शिरका, मद्य ठेवीत. लोणी घुसळण्याची भांडी. रुंद तोंडाच्या बरण्या. आणि मोठाले रांजण. हिवाळ्यात डुकरे मारली की त्यांचे मांस मिठात घालून आणि चरबी वितळवून ह्या रांजणांत वर्षभर साठवीत. मळ्यावरील शेकडो माणसांच्या पोटाला लागणारे अन्न त्यांत असे. ह्या रांजणांवर वाकून मांस खारवणाऱ्या, चरबी उपसणाऱ्या बहुधा गुलाम स्त्रियाच असत. त्यांतील बहुतेकींना वाचता येत नव्हते. डेव्हची अक्षरे रोज त्यांच्या डोळ्यांसमोर होती, हाताखाली होती. ह्या अक्षरांचे त्यांना काय वाटत असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. आपल्यातल्याच एकाने हे लिहिले आहे, एवढे तर त्यांना ठाऊक असणारच.

त्याच्या कवितांचे विषयही स्वयंपाकघराशी लागून असत. चार कानांच्या रांजणात ताजे मांस भरावे, मांस भरलेल्या भांड्याभोवती वाटा मागायला कोण घुटमळेल, असे गंमतीचे काही. काही धर्माचे, पश्चात्तापाचे. एका भांड्यावर तारीख आहे ४ जुलै १८५९, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाची. त्यावर बासरी आणि ढोल वाजविण्याचा दिवस आला अशा अर्थाच्या ओळी आहेत. स्वतः स्वतंत्र नसलेल्या माणसाने स्वातंत्र्यदिनावर एवढेच लिहावे आणि पुढे काही लिहू नये, ह्यात जे समजावयाचे ते वाचणारा समजतो.

मिळालेल्या भांड्यांवरून असे दिसते की, १८४० नंतर सुमारे सतरा वर्षे त्याने कविता लिहिली नाही. काम चालू होते, भांडी होत होती. ओळी तेवढ्या थांबल्या. भीतीमुळे, मालकाच्या मनाईमुळे, की आणखी कशामुळे, ह्याचे उत्तर मातीत लिहिलेले नाही. ह्याच सतरा वर्षांत, १८४८ साली, आपल्या पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले ह्यांनी मुलींची शाळा काढली आणि शिकविण्यासाठी बाहेर पडलेल्या सावित्रीबाईंना शेणमातीचा मारा सोसावा लागला. तिकडे कायदा अक्षर नाकारीत होता, इकडे रूढी. दोन्हींचा हेतू एकच होता.

मग १८५७ साली डेव्ह पुन्हा लिहू लागला. त्या वर्षीच्या १६ ऑगस्टला त्याने एका रांजणावर आपले सगळे नातेवाईक कोठे असतील असा प्रश्न कोरला आणि त्याला जोडून सर्व जनांशी मैत्रीची इच्छा लिहिली. गुलामांची कुटुंबे मालकाच्या मर्जीने फुटत. नवरा एका राज्यात, बायको दुसऱ्या, मुले तिसऱ्याकडे विकलेली. पत्र लिहावे तर पत्ता नाही, वाचणाऱ्याला अक्षर नाही. ज्याच्याजवळ कागद नाही त्याने हा प्रश्न मांसाच्या रांजणावर लिहिला. रांजण तरी गावोगाव जातो!

त्यानंतर सहाच दिवसांनी, २२ ऑगस्टला, दुसऱ्या रांजणावर त्याने हे भांडे आपण रोख पैशासाठी केले असे लिहिले, आणि लगेच पैशाला केराची उपमा दिली. त्यातील टोचणी ध्यानात यावी. भांडे पैशासाठीच होते, परंतु तो पैसा मालकाच्या खिशात जाणार होता. ह्या रांजणाची पुढची हकीकत मी शेवटी सांगणार आहे.

डेव्हच्या कसबाचा कळस म्हणजे १३ मे १८५९ ह्या दिवसाचे प्रचंड रांजण. चार्लस्टन येथील संग्रहालयात त्यांपैकी एक आहे. त्यात चाळीस गॅलनांहून अधिक माल मावतो, म्हणजे दीडशे लिटरच्या वर. आपल्या मापाने बारा-पंधरा घागरी पाणी. एवढे भांडे एका दमात चाकावर उचलता येत नाही. खालचा भाग चाकावर घडवून त्यावर मातीच्या जाड वळ्या एकावर एक चढवीत आणि चाक फिरवीत भिंत वर न्यावी लागते. घाई केली तर खालची माती वरच्या भाराने बसते. उशीर केला तर सांधा धरत नाही. हे एका माणसाचे काम नव्हे. म्हणूनच त्या रांजणावर दोन नावे आहेत, डेव्ह आणि बॅडलर. बॅडलर हाही गुलाम. त्याच्याविषयी आपल्याला जे कळते त्यातले बरेचसे ह्या सहीमुळे. आपले नाव घालताना सोबत्याचे नाव न विसरणारा हा माणूस मला फार आवडतो.

त्याच एजफील्ड भागात, १८६० च्या सुमारास, आणखी एक प्रकारचे जग होत असत. त्यांच्या अंगावर माणसाचा चेहरा असे. पांढऱ्या मातीचे डोळे आणि दात बसविलेले. गुलाम कुंभार ते आपल्या मोकळ्या वेळात, स्वतःसाठी करीत, असे तेथील एका कारखानदाराने पुढे सांगून ठेवले आहे. आज ते जग मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत. त्यांतील डोळे पाहणाऱ्याकडे रोखून बघतात. परंतु करणाऱ्यांची नावे कोणाला सांगता येत नाहीत. त्यांच्याशेजारी डेव्हचे भांडे ठेवले म्हणजे एका सहीची किंमत कळते.

१८६१ ते १८६५ पर्यंत अमेरिकेत यादवी युद्ध झाले आणि १८६५ च्या डिसेंबरात घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली. १८७० सालच्या खानेसुमारीत एजफील्डमध्ये ‘डेव्हिड ड्रेक’ ह्या नावाची नोंद आहे. वय सत्तर, धंदा चाकावर भांडी घडविण्याचा. गुलामांना पूर्वीच्या गणतीत बहुधा नावे नसत, केवळ वय आणि लिंग ह्यांची नोंद होई. सत्तराव्या वर्षी त्याला पूर्ण नाव मिळाले. १८८० च्या खानेसुमारीत तो नाही. मधल्या काळात तो वारला असावा. ह्याच दशकात, १८७३ साली, जोतीरावांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला. पुण्यात बसून त्यांनी ज्या मुक्ततेची आठवण ठेवली, तिचा लाभ झालेल्या लाखो माणसांपैकी डेव्हिड ड्रेक हा एक.

पुढे पत्र्याचे डबे आले, काचेच्या बरण्या आल्या, आणि ते रांजण अंगणात, गोठ्यात, परसात जाऊन पडले. विसाव्या शतकात संग्राहकांचे आणि अभ्यासकांचे त्यांवरच्या अक्षरांकडे लक्ष गेले. मग किमती चढू लागल्या. २०२१ साली डेव्हचा १८५८ मधील एक पंचवीस गॅलनी रांजण लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरला गेला. अर्कान्सा राज्यातील एका संग्रहालयाने तो घेतला. २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात एजफील्डच्या काळ्या कुंभारांच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरले आणि ते पुढे बोस्टन, अॅटलांटा अशा शहरांतून फिरले.

कीर्ती आली, तसा एक प्रश्नही आला. ज्याने हे केले त्याला कधी मोबदला मिळाला नाही, ‘घ्या’ किंवा ‘नका घेऊ’ म्हणण्याचा अधिकार मिळाला नाही. मग ही वस्तू न्यायाने कोणाची? अभ्यासकांनी कागदपत्रांतून त्याच्या वंशजांचा माग काढला होता. २०२५ साली बोस्टनच्या ललितकला संग्रहालयाने आपल्याजवळचे, १८५७ मधील दोन रांजण त्या वंशजांच्या मालकीचे असल्याचे मान्य करून त्यांच्या स्वाधीन केले. एक रांजण वंशजांनी आपल्या मालकीत राखून संग्रहालयात पाहावयास ठेवू दिला. दुसरा त्यांनी त्याच संग्रहालयाला विकला, आणि संग्रहालयाने त्याचे पैसे त्यांना दिले. हा विकलेला रांजण म्हणजेच २२ ऑगस्टचा, रोख पैशासाठी केला असे ज्यावर कोरले आहे तो. एकशे अडुसष्ट वर्षांनी त्या भांड्याचा पैसा योग्य घरी पोहोचला.

हे घडू शकले ते केवळ सहीमुळे. एजफील्डमध्ये शेकडो गुलाम राबले. त्यांच्या हातची भांडी आजही घराघरांत, दुकानांत, संग्रहालयांत आहेत. पण ह्या भांड्यामागचा माणूस कोण आणि त्याची नातवंडे-पतवंडे कोठे, हा शोध घेता आला तो मुख्यतः एकाचाच, कारण त्याने नाव लिहून ठेवले होते. नाव नसते तर तो नुसता ‘दक्षिणेकडील जुना रांजण’ झाला असता.

आपल्या बायकांच्या हातून किती गोष्टी घडतात! गोधड्या, विणकाम, लोणची, पापड, रुखवतातल्या वस्तू, ओव्या. त्यांवर नाव कोणाचे असते? गोधडी आजीची एवढे नातीला ठाऊक असते. पणतीच्या वेळी ती नुसतीच जुनी गोधडी होते. नाव घालणे म्हणजे मिरविणे, असा आपला समज आहे आणि म्हणून आपण संकोचतो. डेव्हच्या भांड्यांकडे पाहिले म्हणजे तो समज मला खरा वाटत नाही. हे मी केले, अमुक दिवशी केले आणि अमक्या सोबतीने केले, एवढे सांगण्यात मिरविणे नाही. ते पुढच्यांसाठी केलेली नोंद आहे.

मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त माझी एक लहानशी सूचना आहे. मंडळातर्फे जे लोणचे, जी पिठे, जे भरतकाम विक्रीस ठेवले जाईल, त्याच्या चिठ्ठीवर मंडळाच्या नावाखाली करणाऱ्या भगिनींचीही नावे आणि तारीख असावी. दोघींनी मिळून केले असेल तर दोघींची. आणि घरी एखादी गोधडी शिवून पुरी झाली की तिच्या कोपऱ्यात चार टाके अधिक घालून आपले नाव आणि साल लिहावे. ज्या भगिनींना लिहिण्याचा सराव उरलेला नाही, त्यांनी एका दुपारी मंडळात यावे. आपण बसून गिरवू.